ट्रिप बंद करू नका

मावशींच्या मुलाने आपल्या कार्डावर आईसाठी टॅक्सीची सोय करून ठेवली होती. तो दूरच्या शहरात नोकरीला, आणि इकडे आईचा गुडघा दुखरा. दर आठवड्याला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं असे. मावशींनी फक्त बसायचं आणि उतरायचं. भाडं, त्यावरचा कर, सगळं परस्पर त्याच्या खात्यातून जाई. शेजारपाजारचे कौतुक करत.

मावशींना खरी गोडी होती ती वेगळ्याच गोष्टीची. ट्रिप संपली की मुलाच्या फोनवर प्रश्न यायचा, ड्रायव्हरला टिप किती द्यायची? की लगेच याचा आईला फोन. "आई, कसा होता गं माणूस?" मग मावशी पदर खोचून सुरू. ब्रेक कसा मारला, गाणी कुठली लावली, आणि त्या ओघात शेजारणीचं ऑपरेशन, मोरीतला गळका नळ, सगळं उरकून घ्यायच्या. टिप ड्रायव्हरला मिळायची, पण चैन मावशींची व्हायची.

मग त्या शहाण्याने कुठलंसं बटण दाबलं आणि टिप आपोआप जायला लागली. माणूस भला असो की खवीस, दहा टक्के. "आता तुला त्रास नको," असं वर ऐकवलं. त्रास म्हणे! फोन आटले. आपण होऊन लावावा तर "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," आणि ते नंतर काही उगवत नसे. मावशींना त्याचा आवाज हवा होता, दुसरं काही नाही. पण पोटच्या पोराकडे आवाज मागायचा कसा, याची लाज वाटे.

त्या दुपारी टॅक्सी घरासमोर थांबली, तरी मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, आलं घर," ड्रायव्हर म्हणाला.

"ट्रिप बंद करू नका, भाऊ. बसू द्या जरा."

"बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"धडधाकट आहे मी. मागे एकदा गर्दीत अडकले होते ना, तेव्हा ट्रिप लांबलेली फोनवर दिसली म्हणून माझ्या मुलाने घाबरून फोन केला होता."

ड्रायव्हरच्या लक्षात आलं. त्याने मान खाजवली. "पण थांबण्याचे पैसे लागतात हो. वर त्यावर कर."

"बसून राहण्यावरही कर?"

"श्वास तेवढा फुकट आहे अजून." त्याने इंजिन बंद केलं आणि काचा खाली घेतल्या. "बसा निवांत. माझ्या गाडीतून लोक उतरायलाच टपलेले असतात."

समोरच्या पडद्यावर भाडं वाढत होतं. भाजीची पिशवी घेऊन आलेली शेजारीण आत डोकावली आणि "काय हो, घर विसरलात की काय?" म्हणून हसत गेली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वयात हे काय पोरकट चाळे, असं त्यांनी स्वतःलाच झापलं. तरी हात काही दाराकडे गेला नाही.

फोन वाजला.

"आई! गाडी कधीची उभी आहे. काय झालं? ठीक आहेस ना?"

रस्ता तुंबलाय, असं सांगायचं मावशींनी ठरवून ठेवलं होतं. पण पोराच्या आवाजातली घाबरगुंडी ऐकून ते बाजूलाच राहिलं.

"काही झालेलं नाही रे. दारातच आहे. तुझा फोन यावा म्हणून बसून राहिले." आणि मग आवरलंच नाही. "आठवण येते तुझी. फार येते."

तिकडून माणसांची कुजबुज ऐकू आली, एक दार लागलं, मग जिन्यावरची पावलं. आता हा चिडणार, मावशींनी मनाची तयारी केली.

"आई," तो हळूच म्हणाला, "ड्रायव्हरला सांग, ट्रिप बंद करू नका. आई रस्त्यात अडकलीय, असं साहेबांना सांगून बाहेर आलोय. ट्रिप संपली की मला आत जावं लागेल."

मावशींनी पुढे पाहिलं. ड्रायव्हर केव्हाच उतरून समोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला होता.

"बोल ना, आई."

इतक्या दिवसांचं साठलेलं, आणि आता मावशींना एक अक्षर सुचेना. त्यालाही सुचत नव्हतं. दोघं तशीच फोन कानाला लावून एकमेकांचा श्वास ऐकत राहिली.