दहा सफरचंदं आणि तीन नंबरचा पियानो

मी एक जुना, तपकिरी, उभा पियानो आहे. माझी कीव करायला आला असाल, तर मित्रांनो, आल्या पावली परत जा. माझ्या चार पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, एक पाय डुगडुगतो, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म कोरियातल्या इंचॉन शहरात, एका कारखान्यात झाला. पोटात लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेल्या दोनशेवर तारा आणि प्रत्येक पट्टीमागे लोकरीची हातोडी. तिथून मी थोंगयोंग बंदरात आलो आणि ग्योंगमीबाईंच्या पियानोच्या शिकवणीत तीन नंबरच्या खोलीत भिंतीला टेकलो. खोली एवढीशी, की मी आणि एक मूल आत मावलो की दप्तर बाहेर. याला एकतीस वर्षं झाली.

बाईंची शिस्त अशी. प्रत्येक मुलाला एक वही, वहीत प्रत्येक धड्याला दहा सफरचंदं काढलेली. धून एकदा वाजवली की एक सफरचंद रंगवायचं. दहा रंगली की घरी. मुलं दोनदा वाजवत आणि दहा रंगवत! तोकपोक्कीच्या, म्हणजे तांदळाच्या वड्यांच्या, तिखट रश्शाची बोटं माझ्या पट्ट्यांना पुसून पसार होत. बाई वही पाहून “शाब्बास” म्हणत. पुढे धून बिघडली की दोष माझा. “तीन नंबर जुना झालाय,” असं सगळे खुशाल म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

हळूहळू मुलं कमी झाली. माझ्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवू लागले. मला राग यायचा, पण मी सूर सोडला नाही.

अशात एका ऑक्टोबरात मालसुन आली. वय सहासष्ट. पहाटेपासून कालवं फोडून, रबरी बूट न काढता तशीच आलेली.

“नातीचं नाव घालायचंय का, आजी?” बाईंनी विचारलं.

“माझं घालायचंय.”

“तुमचं? या वयात?”

“का? म्हाताऱ्या माणसांना चावतो का तुमचा पियानो?”

मला ती तिथेच आवडली.

चाळीस वर्षं सुरी धरून तिच्या उजव्या हाताचं चौथं बोट अर्धवट वाकून बसलं होतं. ते पट्टीवर पडलं की उठायचं नाव घेत नसे. बाकीची बोटं असा दणका देत की माझी हाडं खिळखिळी होत.

“अहो, कालव उघडायचं नाही, सूर काढायचाय!” बाई ओरडत.

“तेच करतेय. तुमचे सूरही मेले घट्ट मिटलेत.”

शेजारच्या खोलीतल्या आठ वर्षांच्या सोराला तिची दया आली. दारातून डोकं घालून ती कुजबुजली, “आजी, दोनदा वाजवा नि दहा रंगवा. सगळे तेच करतात. बाईंना कळतसुद्धा नाही.”

“अगं ए शहाणे, रिकामे शिंपले टाकून कालवांची टोपली भरतात का? आणि खोटं सफरचंद रंगवलं तर हे बोट कोण सरळ करणार, तू?”

ती दहाच्या दहा वेळा वाजवायची. दहाने भागत नसे, म्हणून समासात पेन्सिलीने आणखी सफरचंदं काढायची. ती बटाट्यांसारखी दिसत.

फेब्रुवारीत शिकवणीचा वार्षिक कार्यक्रम असतो. मालसुनने चार महिने एकच अंगाई घोटली होती, दोन्ही हातांची. ती चारचौघांसमोर वाजवायची, एवढीच तिची इच्छा. पण सोराच्या आईने बाईंना माझ्या दाराबाहेरच गाठलं; आत मालसुनला सगळं ऐकू येत होतं.

“मुलांच्या कार्यक्रमात या आजी कशाला? अडखळत बसतील, लोक हसतील.”

बाई नरमल्या आणि मालसुनला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू.”

मालसुन वही घेऊन उठली ती थेट सोराच्या आईसमोर. उघड्या दारातून मी सगळं पाहत होतो.

“सोराच्या आई, हसायचं तर नीट बघून हसा. यात जितकी सफरचंदं, तितक्या वेळा वाजवलंय मी. आता तुमच्या लेकीची वही आणा बरं.”

सोराचे कान लाल झाले. “मी... दोनदाच वाजवते,” ती पुटपुटली आणि रडायला लागली.

“मीपण!” एक नंबरच्या खोलीतून आवाज आला.

बाईंनी मालसुनची वही हातात घेतली. एकतीस वर्षं त्यांनी सफरचंदं पाहिली होती, ऐकलं मात्र नव्हतं. “मालसुनआजी, तुम्ही वाजवायचं,” त्या म्हणाल्या.

“वाजवीन. पण पुढच्या दालनातल्या त्या चकचकीत काळ्या पियानोवर नाही, तीन नंबरवर. त्याला माझं बोट माहीत आहे.”

मी रडलोच असतो, पण पाण्याने माझं लाकूड फुगतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मला ढकलत पुढच्या दालनात आणलं. मालसुन ठेवणीतला हानबोक, सणासुदीचा पारंपरिक पोशाख, घालून बसली. अंगाई छान निघाली, अर्ध्यावर गेली आणि चौथं बोट अडकलं. मग सोराच्या आईने टाळ्या सुरू केल्या. मालसुनला या अडचणीतून सोडवावं म्हणून सगळ्यांनी साथ दिली.

मालसुन गर्रकन वळली. “थांबा! टाळ्या कसल्या? झालं नाही अजून.”

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. बोट पुन्हा तिथेच अडकलं. या वेळी कोणी हललं नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, डोक्यावर फुलदाणी नको. माझी काळजी घ्यायची असेल, तर शिकणाऱ्याला माझ्यासमोरून मध्येच उठवू नका. तो चुकेल, मी ऐकून घेईन. त्यासाठीच तर मला घडवलं आहे.

तिसऱ्यांदा चौथं बोट उशिरा पडलं, पण पडलं आणि उठलंही. मालसुनने शेवटचा सूर विरेपर्यंत पट्टी दाबून धरली. मग हात मांडीवर ठेवले आणि लोकांकडे वळून म्हणाली, “हं. आता वाजवा.”