मरव्याचे शेंडे

"काय ओ मास्तर, मरवा लावलाव का चुलीला फाटी?"

मनुबाईने भाजीची पाटी ओट्यावर टेकवली आणि माझ्या तीन कुंड्या पाहून ती खो खो हसली. कळव्याहून होडीने ती रोज ठाण्यात यायची. वेण्यांत घालायला तिला मरवा हवा होता आणि माझ्याकडे नुसत्या उघड्या काड्या. अठराशे पंच्याऐंशी साल. शाळेतून पेन्शनीत निघून मला वर्ष झालं होतं.

"त्यो बगा," तिने विहिरीकडे बोट केलं. "त्यो कसा गुबगुबीत!"

ती चौथी कुंडी अक्काची. माझी थोरली बहीण चंद्रभागा, चौदाव्या वर्षी विधवा होऊन घरी परतलेली; तेव्हापासून फुलं, सुवास तिला वर्ज्य. माती तीच, पाणी तेच. मी तर बागकामाचं छापील पुस्तक वाचून माझ्या मरव्याच्या पानालाही हात लावत नव्हतो. मग फरक कशाने?

"अक्का, तू काय घालतेस गं?"

"तांदळाचं धुवण. दुसरं काय?"

पंधरा दिवस मीही धुवण घातलं. काड्या तेवढ्या लांबल्या. माझंच काहीतरी चुकत असणार, असं धरून एका सकाळी मी वही घेऊन खिडकीत बसलो.

पाणी घालून झाल्यावर अक्का वाकली. नखाने चार शेंडे खुडले, तळहातावर चुरडले आणि ओंजळीत तोंड लपवून वास घेत उभी राहिली. बराच वेळ. आलवणाचा पदर डोक्यावरून सरकला, तरी तिला भान नव्हतं.

माझ्या हातून दौत पडली. ती दचकली.

"देवासाठी घेत होते," ती म्हणाली. मी सांडलेली शाई पुसू लागलो. बोलायला हवं होतं.

त्या दिवसापासून तिने शेंडे खुडणं सोडलं. महिन्याभरात तिचाही मरवा उंच आणि उघडा होऊ लागला. कोडं सुटलं होतं, आणि ते सोडवल्याची मला लाज वाटत होती.

शेवटी पुस्तक घेऊनच तिच्यापुढे गेलो.

"अक्का, यात लिहिलंय, मरव्याचे शेंडे रोज खुडावेत. म्हणजे बाजूने फुटवे येतात. माझी नजर अधू झालीय. चारही कुंड्या तूच बघ."

पुस्तकात तसं एक अक्षरही नव्हतं. अक्काला वाचता येत नव्हतं. तरी त्या पानाकडे ती बघत राहिली.

"आणि खुडलेल्याचं काय करायचं, तेही लिहिलंय?"

"नाही. ते... खुडणाऱ्याने ठरवायचं."

"बरं हो, पंतोजी!"

दुसऱ्या दिवशी चारही कुंड्यांचे शेंडे निघाले. अक्काने मनुबाईच्या पाटीत मरव्याची जुडी ठेवली. उरलेला मरवा मुठीत घेऊन ती घरात आली, देवघरावरून तशीच पुढे माजघरात गेली आणि दार तिने हळूच लोटून घेतलं.