चांद्याहून आलेलं क्रियापद

शनिवार, १४ सप्टेंबर १९५७. सकाळी साडेआठ वाजता नानाजी मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर चांद्याच्या सरकारी कचेरीतून आलेलं पाकीट फोडलं. पत्र गावच्या तलावाबद्दल होतं आणि इंग्रजीत होतं. मालगुजाराची जमीनदारी जाऊन तलाव सरकारी झाल्यापासून पत्रं इंग्रजीतच येत.

समोर दोघं उभी होती. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, राहणाऱ्या मासेमार ढिवरांच्या टोलीतली देवकाबाई, आणि त्याच तलावाच्या पाण्यावर ज्याचं धान उभं होतं तो केवळराम.

"पाळ वीकन होते आहे, असं लिहिलंय," मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय होऊन राह्यलं तिले?" देवकाबाईनं विचारलं.

"कमजोर होत जाणं. आधी जोर होता, आता हळूहळू कमी होतोय, अशा कशालाही हा शब्द लावतात. भिंतीला, रोग्याला, वादळालासुद्धा. मोडलं त्याला नाही लावत."

"मंग मोडली नाई ना!" केवळराम म्हणाला. "धान निसवून राह्यलं, लोंब्या येऊन राह्यल्या, मास्तर. पंधरा दिवस पाणी पायजेच. तलाव खाली कराले मोरी उघडाची नाई."

"तेही लिहिलंय. हुकमाशिवाय मोरी उघडणाऱ्यावर खटला होईल."

देवकाबाई पत्राकडे बघत होती. "हे कमजोर होणं किती दिवस चालते?"

"शब्दात दिवस नसतात, बाई."

"अन् सायबानं पाळ पायली कवा?"

मास्तरांनी पान उलटलं. "एकवीस मे."

"तवा तलावात बकऱ्या चरत होत्या!" ती हसली. "उपाशी माणसाचं पोट दाबून पायलं सायबानं. चाला, मी दाखवतो."

टोलीची एक रीत होती. तलाव भरला की रोज सकाळी एक बाई पाळीच्या खालच्या अंगानं अनवाणी चालत जाई. तळव्याला माती गार लागली की तिथं थांबे, खुरप्यानं ओंजळभर खड्डा करी आणि साचलेलं पाणी बघे. पाणी नितळ असेल तर काळजी नसे. जुनी पाळ थोडं झिरपतेच.

यंदा हे चालणं देवकाबाईकडे होतं. मोहाच्या झाडापाशी ती वाकली, खड्ड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन केवळरामापुढं धरलं. पाणी तांबूस होतं. केवळरामानं त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. माती मऊ, पिठासारखी होती.

"कालपर्यंत साफ होतं," ती म्हणाली. "आज पाळ आतून माती सोडून राह्यली."

केवळरामानं बोट पुसून तलावाकडे पाहिलं.

"मोरी उघडली तं तुमची मासोळी वाहून जाईल."

"जाईल. टोलीत एकोणतीस घरं आहेत, भाऊ."

"अर्धीच उघडू."

"पाळीले अर्धं समजत नाई."

त्यानं बंडी काढून मोहाच्या फांदीवर टाकली. मोरीचा लाकडी दट्ट्या काढायला चार जण पाण्यात उतरले. त्यांत पहिला तो होता. अकराच्या सुमाराला पाणी सुटलं.

दुपारी मास्तर चांद्याला पत्र लिहायला बसले. आधी त्यांनी साहेबाचाच शब्द लिहिला, मग खोडला आणि साधं लिहिलं: झिरपणारं पाणी आज गढूळ आहे, माणूस ताबडतोब पाठवावा.

"मोरी कोणी उघडली, ते विचारतील," ते म्हणाले.

"माहा अंगठा घ्या," देवकाबाई म्हणाली.

"माहं नाव टाका," केवळराम म्हणाला. "दट्ट्याले हात माहा लागला."

मास्तर सरकारी पगारावर होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि एक ओळ लिहून कागदाची घडी घातली. काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही.

हरकारा पत्र घेऊन कुरखेड्याच्या टपाल कचेरीकडे निघाला तेव्हा पाच वाजले होते. तोवर तलाव दीड वीत उतरला होता. टोलीतली माणसं पोराबाळांसह शाळेत येऊन बसली होती. मोरी उघडणाऱ्याच्या जागी मास्तरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. खटल्याचा कागद अजून यायचा होता, आणि चांद्याहून माणूसही.