बिअरच्या बरणीला धुरी

शेजारच्या को आडनावाच्या चिनी अंकलचे उपकार कसे फेडायचे, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलेला होता. आर्या पहिलीत गेली तेव्हापासून शाळा सुटली की ती त्यांच्याकडे थांबायची. माझा नवरा प्रतीक जहाजावर इंजिनियर, म्हणजे वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. मी बँकेत, जिथे वेळेवर निघणाऱ्या माणसाकडे सगळे आजारी असल्यासारखं बघतात. त्या सगळ्या दुपारी अंकलनी माझ्या मुलीला माइलो पाजलं, पाढे घेतले, पडली तर मलम लावलं. मी पैशांचं नाव काढलं तर दोन दिवस बोलले नाहीत. डब्यातून पुरणपोळी पाठवली तर डबा संत्री भरून परत. रिकामा डबा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत, पण त्यांच्याकडेही तीच निघाली, त्यामुळे आमचा हिशेब कधी सुटलाच नाही.

आणि आता ते चालले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, म्हणून मुलाने वुडलँड्सला आपल्या घराजवळ त्यांना बोलावलं होतं. आमच्या बेडोकहून वुडलँड्स म्हणजे शहराचं दुसरं टोक, काही सातासमुद्रापार नाही, पण भिंतीला भिंत लागून असणं वेगळंच.

त्यांना द्यावं असं एकच होतं माझ्याकडे. मी घरी बिअर करते. प्रतीक समुद्रावर असताना बायका योगा करतात, मी बिअर करते. माझ्या बिअरला अंकल आजवर "सो-सो" च्या वर गेले नव्हते. फक्त एकदा, कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसले असताना, त्यांनी ग्लास नाकाशी धरला तो धरलाच. पपनसाची साल सोलल्यावर येतो तसा वास होता त्या बिअरला. "धिस वन कॅन," ते म्हणाले, म्हणजे ही चालेल. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पद्मश्रीच.

तो वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, दळून दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. बिअर उकळताना टाकली तर कडवटपणा देतात. पण पहिलं आंबणं संपल्यावर, खालचा गाळ मागे ठेवून बिअर दुसऱ्या बरणीत काढली आणि तिथे गारच टाकली, तर देतात तो निव्वळ सुगंध. बिअर तीच राहते, पण तिला जणू गजरा माळला जातो. अंकल जायच्या आदल्या दिवशी त्यांना घरी बोलवायचं आणि तशीच बिअर पाजायची, असं ठरवून मी ती आंबायला घातली. दुसरी करायला वेळच उरला नव्हता, तेव्हा ही साधायलाच हवी होती.

याच सुमारास माझ्या सासूबाई मिरजेहून आल्या होत्या. त्यांचं नाव कुमुद, आणि स्वभाव नावाइतका शीतल मुळीच नाही. सून दारू गाळते ही बातमी त्यांनी मोठ्या युक्तीने पचवली. मिरजेला फोनवर सांगायच्या, "मधुरा सातूचं काहीतरी आंबवते, तब्येतीला बरं असतं म्हणे." फ्रीझरमधली हॉप्सची पिशवी बघून मात्र त्यांना राहवलं नाही. "अगं, ही तर पेंड! म्हैस कुठे बांधली आहेस?"

काचेची मोठी बरणी मी रात्री औषधाच्या पाण्याने निर्जंतुक केली आणि निथळायला उपडी ठेवली. सकाळी आंबलेली बिअर नळीने तीत उतरवली, हॉप्स घातल्या, झाकण लावलं. ऑफिसच्या एसीने मला कडकडून सर्दी झाली होती. नाक असून नसल्यासारखं. हे सांगून ठेवते, कारण पुढचं रामायण त्यावाचून घडलं नसतं.

चार दिवसांनी आर्या बरणीशी वाकली आणि तिने नाक आक्रसलं.

"ममा, युअर बिअर स्मेल लाइक आमटी, लाह."

मी तिला उडवून लावलं. मग वाफ घेतली, नाक मोकळं केलं, थोडी बिअर ग्लासात काढली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर पपनस होतं, अगदी हवं तसं. आणि त्याच्या मागोमाग, बेमालूम आत शिरलेला, हिंग.

"आई!"

सासूबाई देवघरासमोर वाती वळत होत्या. त्या जराही गडबडल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं. "मीच दिली धुरी. तू झोपलीस तेव्हा. बरणी नुसती पाण्याने धुवून ठेवलीस, मग बुरशी नाही येणार? धुपाचा कोळसा पेटवला, हिंगाचे खडे टाकले आणि बरणी पालथी धरली. लोणच्याला देतो तशी. तुझ्या त्या माणसासाठी आहे ना, म्हणून हात आखडता नाही घेतला."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलू नये ते बोलले. हे लोणचं नाही, हे घर मिरज नाही, तुम्हाला कोणी विचारलं होतं, असं सगळं. शेवटी म्हणाले, "आयुष्यात एकदा त्या माणसाचं तोंड गोड करायची संधी होती, ती तुम्ही घालवलीत."

सासूबाई वातींचा डबा बंद करून आत गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस मी त्या बिअरशी झुंजले. हॉप्सच्या आणखी गोळ्या घातल्या, की पपनसाखाली हिंग दडपेल. पपनस वाढलं, पण हिंग तसाच राहिला. त्याला दडपणं फोडणीलाही जमत नाही, तिथे माझ्या बिअरचं काय! मग छोट्या स्टीलच्या पिंपात भरून, आत फेसासाठी वायू सोडून, पिंप फ्रिजमध्ये ठेवलं. दुकानातली चांगली बिअर आणून ठेवावी असं मनात आलं आणि आणलीही. पाहुण्याला निदान पिण्यालायक काही मिळावं.

अंकल ठरल्या वेळी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आर्या त्यांना चिकटून बसली. मी दुकानातली बाटली पुढे केली तर त्यांनी हात आडवा धरला.

"यू प्रॉमिस युअर बिअर. व्हेअर?"

"अंकल, ती बिघडली."

"बिघडली का ते मीच ठरवणार," अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले आणि ग्लास पुढे केला. मी ओतली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर चाचपत उभ्या होत्या.

त्यांनी ग्लास नाकाशी धरला. धरलाच. आर्या हसू दाबत होती, तिला मी डोळ्यांनी दटावलं. अंकलनी एक घोट घेतला, परत वास घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सेव्हन ओ'क्लॉक," ते म्हणाले.

मला कळेना. मग ते सावकाश, शब्द शोधत सांगू लागले. संध्याकाळी मी कामावरून येऊन आर्याला घेऊन जायचे. ती गेली की त्यांचं घर एकदम गप्प व्हायचं. मग सातच्या सुमाराला कॉरिडॉरमधून हा वास यायचा. माझ्या फोडणीचा. तो आला की ते ताट वाढून घ्यायचे. "माय वाइफ नो मोर. बट धिस स्मेल कम, आय फील समबडी कुकिंग फॉर मी ऑल्सो."

त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या, कॉरिडॉरवर उघडणाऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. "बट ऑलवेज यू क्लोज द विंडो. ओन्ली लिटल बिट कम आउट. व्हाय यू क्लोज?"

का बंद करत होते मी? हिंगाचा वास परक्या देशात कुणाला खुपू नये म्हणून. राहायला आले त्या आठवड्यापासून, तेल तापलं की माझा हात आपोआप खिडकीकडे जायचा. त्यांना त्रास नको म्हणून, इतकी वर्षं, रोज. आणि ते भिंतीपलीकडे ताट घेऊन फटीतून येणाऱ्या वासाची वाट बघत बसलेले. मी मान खाली घातली आणि रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसत. ज्याचे उपकार फेडू म्हणत होते तो माणूस माझेच आभार मानत होता, आणि तेही अशा गोष्टीसाठी, जी मी त्याच्यापासून आवर्जून लपवली होती.

सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. आर्याने त्यांच्या कानाशी लागून मराठीत सांगितलं, तिला जमेल तसं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांना पदर लावला, आणि अंकलना हात जोडून नमस्कार केला. अंकलनीही उठून, ग्लास टेबलावर ठेवून, तसेच हात जोडले. मग परत बसले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. पुन्हा भर म्हणून.

मी भरला. पिंपात उरलेली सगळी बिअर त्यांच्याबरोबर वुडलँड्सला जाणार हेही ठरून गेलं. पिंप रिकामं परत येणार नाही, याची मला खात्री होती.

संध्याकाळ होत आली होती. ते सामान बांधायला घरी जायला निघाले, तशी मी सासूबाईंकडे वळले. त्यांच्याशी दोन दिवसांत धड बोलले नव्हते.

"आई, माझं चुकलं. आज आमटीला फोडणी तुम्ही द्या. हात आखडता घेऊ नका."

त्या कढई काढायला गेल्या. मी खिडकी उघडली, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत.