सवादी खा

परदेशातून आलं की लोक विचारतात, "काय काय बघितलं?" आणि उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आम्ही थायलंडहून हेंद्रेपाड्याला परत आलो, त्या रविवारी कुंदाआत्या जेवायला आली. बरोबर तिचा प्रीतम होता. तो नववीत आहे आणि त्याला सगळं माहीत असतं. आत्याने ताटावर बसता बसताच विचारलं, "तेजल, सगळ्यात भारी काय वाटलं गं? सोन्याचा बुद्ध ना?"

बुद्ध चांगलाच होता. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी होतं ते आजीला जेवताना बघणं.

"ते काय, इथंही दिसतं," आत्या म्हणाली. इथंच तर दिसत नव्हतं ना!

आजोबा गेल्यापासून आमची बनूबाई आजी दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि म्हणायची, "झाला माझा." मम्मीने लाडू केले, पप्पांनी टॉनिक आणलं, डॉक्टर ओरडले. आजी ढिम्म. तिला जरा बाहेर काढावं म्हणून पप्पांनी ही ट्रिप ठरवली, तर तिने निघायच्या आधीच जाहीर केलं, "तिकरं किडे खातान. मी पान्यावर रायन." म्हातारी परक्या देशात उपाशीपोटी चक्कर येऊन पडली तर काय, या विचाराने पप्पा विमानात सीटबेल्ट काढायलाही विसरले होते.

बँकॉकच्या हॉटेलात शिरलो तर काउंटरवरच्या मुलीने हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "सवादी खा."

आजी थबकली. "काय बोलली गो ती?"

"नमस्कार म्हणाली असेल."

"नाय. स्वादी खा बोलली."

झालं! त्या देशातल्या बायका जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात. आभार मानताना तर 'खोप खुन खा' म्हणतात, ते आजीला 'खूप खा' असंच ऐकू आलं. आणि आमच्यात कुणी खा म्हटल्यावर न खाता उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. आजीने पदर खोचला आणि अख्ख्या देशाचा मान राखायला सुरुवात केली.

पुरुष मात्र शेवटी 'ख्राप' असं काहीतरी म्हणतात. दारावरच्या माणसाने वाकून "सवादी ख्राप" म्हटलं, तर आजीने त्याला तिथल्या तिथे झापलं. "खराब? आयशीनं मरमर करून रांधायचा आन् तुमी नावा ठेवाची?" तो बिचारा आणखी वाकला आणि पुन्हा ख्राप म्हणाला. "पुरुषांची जात सगलीकरं सारखीच," आजी म्हणाली आणि नाश्त्याला गेली.

मी पाहिलेली खरी प्रेक्षणीय स्थळं त्याच्यानंतरची. रस्त्यावर एक बाई कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होती. आजीने वाकून बघितलं आणि पप्पांना ओरडून म्हणाली, "सुजित, हिनं यात सुकट टाकलाय!" एवढी वर्षं जगात सुकट फक्त आपणच खातो असं तिला वाटत होतं. मिरचीने डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी बाईने पैसे घेताना 'खा' म्हटलं म्हणून आणखी एक प्लेट. पप्पा देऊळ बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी तर मिरची खाल्लीच नव्हती.

गाइडने आम्हाला खरं काय ते सांगितलं. 'खा' म्हणजे आपलं 'जी', बायकांनी मान देऊन बोलायची पद्धत. मम्मीने लगेच मला डोळे दाखवले. "आजीला कळलं तर पुन्हा ताट सरकवेल. एक शब्द बोलायचा नाही." मी बोलले नाही. माझ्यासारखीच्या तोंडाला कुलूप म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा.

तर त्या रविवारी मी सगळ्यांना माझं लाडकं दृश्य रंगवून सांगत होते. मोबाइलची कव्हरं विकणारी एक मुलगी दुकानातच डबा उघडून बसली होती. आम्हाला बघून ती "सवादी खा" म्हणाली, तशी आजी शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिचा अर्धा डबा संपवला. मुलगी आधी दचकली, मग खळखळून हसली आणि तिने आजीला चमचा दिला.

सगळे हसले. आजी सगळ्यांत जास्त हसली. आणि प्रीतम म्हणाला, "अरे, पण खा म्हणजे नुसतं जी! मी रील बघितलीय. कोणी खायला नाय सांगत."

मम्मीच्या हातातली पळी तशीच राहिली. आजी हसायची थांबली.

"म्हंजे मना कोनी खा बोललाच नवता?" ती हळू म्हणाली. "आन् मी त्या पोरीचा डबा खाल्ला? उपाशी रायली असंल ती." तिने ताट सरकवलं. "झाला माझा."

मला प्रीतमचा असा राग आला की त्याला तिथेच रश्श्यात बुडवावंसं वाटलं. आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पप्पा "आई, अगं," एवढंच म्हणाले आणि अडकले. समजूत काढणारी माणसं आमच्या घरात फार वाईट आहेत.

मी उठले, आजीचं ताट पुन्हा तिच्यासमोर ठेवलं आणि हात जोडले. "आजी, भाकरी गरम आहे खा."

आजीने मान फिरवली.

"रस्सा गार होतोय खा. प्रीतम गाढव आहे खा."

मम्मीला कळलं. "आई, कांदा चिरलाय खा." आत्याही हात जोडून म्हणाली, "आई, मी आलेय तुझ्याबरोबर जेवायला खा." पप्पांनी सगळ्यांत खाली वाकून म्हटलं, "ख्राप."

"तू गप बस," आजी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "यो खा कंचा गो? तिकरचा का इकरचा?"

"इकरचा," मी म्हणाले. "इकरं खा म्हणजे खा."

आजीने ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि मम्मीला म्हणाली, "मंग रस्सा वताला मुहूर्त बघतंस काय?"