कुसुनोकी-सानची संध्याकाळ

क्योतोतल्या त्या गेम कंपनीत रंगाच्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले असत. बाहेरचा उजेड स्क्रीनवर पडला की रंगांचा भरवसा उरत नाही. त्या अंधारात कुसुनोकी चिझुरू उमेदीची सगळी वर्षं गेममधल्या संध्याकाळची दृश्यं रंगवत आल्या होत्या. खरी संध्याकाळ शेवटची कधी पाहिली, देव जाणे.

नव्या गेमचा शेवट त्यांच्याकडेच होता. हरवलेली मुलगी खाडीकाठच्या गावात परतते. भिंती, पाणी, आभाळ सगळं मळकट ठेवायचं, म्हणजे एका खिडकीतला पिवळा दिवा तेवढा डोळ्यांत भरतो आणि खेळणारा आपसूक तिकडे वळतो. बाण नको की पाटी नको. याच हातोटीवर बाईंनी नाव कमावलं होतं. अलीकडे मात्र फार थकायला व्हायचं.

एरवी त्या आपल्याच कॉम्प्युटरवर काम पाहत. आज सहज सगळ्यांचं काम जोडून तयार झालेली गेमची पक्की प्रत लावली आणि त्यांचं डोकंच फिरलं. आभाळभर हळद सांडलेली! दिवा त्यात पार बुडाला होता.

"साकागुची-कुन, माझ्या आभाळाला हात कुणी लावला?"

त्यांच्या हाताखाली काम करून केस पिकलेला साकागुची मान खाली घालून म्हणाला, "मीच."

"आता तू मला शिकवणार होय रे?"

त्याने त्यांची मूळ प्रत शेजारी लावली. "ही तुमची. कशी वाटते?"

"कशी म्हणजे? संध्याकाळ आहे!"

"आम्हाला मध्यरात्र दिसते, कुसुनोकी-सान. वसंतापासून असंच चाललंय. तुम्हाला सगळं पिवळट दिसत असावं, म्हणून तुम्ही निळा ओतत जाता. तुम्ही घरी गेलात की पक्क्या प्रतीतला तो निळा मी कमी करतो."

"बाकीच्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"आणि एकानेही तोंड उघडलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

गेल्याच महिन्यात दिग्दर्शकाने 'ही खास कुसुनोकी-सानची संध्याकाळ' म्हणून तोंडभर कौतुक केलं होतं, आणि त्यांनी वाकून ते स्वीकारलं होतं. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"डॉक्टरकडे जाते," त्या म्हणाल्या. "पण तोवर जे करायचं ते माझ्यासमोर कर. माझ्या पाठीमागे नाही."

साकागुचीने खुर्ची जवळ ओढली आणि निळा हळूहळू उतरवत नेला. बाईंच्या डोळ्यांदेखत दिवा फिकटला आणि आभाळात मिसळून गेला.

"तुला दिवा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो. छान दिसतो."

"मग राहू दे तसंच," त्या म्हणाल्या.