खालच्या आळीचा मासा

‘तळ्यातले मासे तुम्ही मारलेत. खालच्या आळीतली पोरंही तुम्हीच मारलीत.’

एझ्रा थ्रिपनं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं आणि लगेच दाराकडे पाहिलं. दार लावलेलंच होतं. तरी त्यानं उठून कडी पुन्हा चाचपली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको टॅबिथा प्लास्टरच्या ट्राउट माशाला रंग देत बसली होती. कुंचला माशाच्या पाठीवर होता तिथंच थांबला. राजवाड्याला लिहिताना ‘तुम्ही’ म्हणायचं नसतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. पत्र तिथल्या माणसांना जातच नाही, ते जातं चिटणिसाला. ‘नम्रपणे कळविण्यात येते की असे दिसून आले आहे’ अशी सुरुवात करायची, आणि मग जे वाईट घडलं असेल ते आपोआप घडलेलं असतं. कुणी केलेलं नसतं. मासे मरतात, पोरं दगावतात, पाणी बिघडतं.

“एवढा एक शब्द खोडा,” ती म्हणाली. “बाकी काय लिहायचं ते लिहा.”

“कुठला?”

“‘तुम्ही’.”

एझ्रा हसला, पण ओठ कोरडे होते. हसू धड उमटलं नाही.

तो खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. शाळेत फार गेला नाही. बेडूक चिरून चिरून आणि दुसऱ्यांची पुस्तकं मागून शिकला. राजवाड्याच्या तळ्यातली बदकाची पिल्लं कोण खातं, हे त्यानं एकदा न विचारता लिहून कळवलं, आणि तिथून हा पत्रव्यवहार सुरू झाला. मग वरून टोपल्या येऊ लागल्या. मेलेला पेलिकन, कुणीतरी भेट दिलेला स्टर्जन मासा, एकदा शहामृगाची तंगडी. एझ्रा प्रत्येक जनावर तपासायचा, त्याचा एक तुकडा खाऊन बघायचा आणि चव कशी लागली तेही लिहायचा. राजवाड्यात म्हणे ती पत्रं वाचून हसायचे. शहामृग शिजवायला किती सरपण लागलं, ते कुणी विचारलं नाही. प्लास्टरचे मासे राजवाड्याच्या जेवणघरात भिंतीवर लागले. ते कुणी रंगवले, तेही कुणी विचारलं नाही. बदल्यात एझ्राला तळ्यावरच्या माशांची देखरेख मिळाली आणि बांधाजवळचं हे घर मिळालं. घर राजवाड्याचं. चूल राजवाड्याची. वरचा जासूद दिसला की टॅबिथा मनातल्या मनात भांडी बांधायला लागायची.

या उन्हाळ्यात तळ्यातले मासे पोटं वर करून तरंगायला लागले. वरून पत्र आलं. राजकुमारांच्या गळाला काही लागत नाही, पाहुणे यायचे आहेत, कारण त्वरित कळवावे. त्याच सुमाराला टेकडीखालच्या आळीत ताप शिरला. त्या आळीत राजवाड्याचं धुणं धुणाऱ्या बाया राहतात. त्यांच्याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं.

आळीची विहीर एकच. विहिरीत एक ट्राउट सोडायचा, ही तिकडची जुनी रीत. मासा किडे खातो, पाणी निर्मळ ठेवतो, आणि मासा जगतोय तोवर पाणी चांगलं, असा सगळ्यांचा भरवसा. आळीचा जुना मासा म्हातारा होऊन मेला तेव्हा एझ्रानंच उबवणीच्या पेटीतून वाढवलेला नवा मासा नेऊन सोडला होता. तसं वर कळवलंही होतं, आणि चिटणिसाकडून शाबासकी आली होती. आमचे मासे आमच्या गरिबांची राखण करतात हे वाचून आनंद झाला, असं काहीसं. एझ्रानं ते पत्र चौकटीत लावलं होतं. काल त्यानं ते उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

कारण काल त्यानं राजवाड्याच्या मोऱ्या उपसणाऱ्या गिडलीला गाठलं आणि त्याच्या हातून वरच्या मैलाखड्ड्यात डबाभर रॉकेल ओतवलं. आज सकाळी आळीच्या विहिरीला रॉकेलचा वास येत होता. एझ्राला हवा तो पुरावा मिळाला. पण विहिरीतला मासा मरेल, हे त्यानं धरलेलं नव्हतं.

“आल्या,” टॅबिथा म्हणाली.

खिडकीतून बांधावरची वाट दिसत होती. खालच्या आळीतल्या बाया येत होत्या. काहींच्या हातात कपडे ढवळायची दांडकी तशीच होती. पुढे ड्रुसिला पर्किस. तिची धाकटी मुलगी, लेटी, गेल्या रविवारी पुरली होती. ड्रुसिलानं पदर धरावा तसा ॲप्रन दोन्ही हातांनी वर धरला होता आणि त्यात काहीतरी होतं.

टॅबिथाला वाटलं, मागच्या दारानं जावं. पण मागचं दार तळ्यावर उघडत होतं.

“उघडा, थ्रिपसाहेब,” ड्रुसिला बाहेरून म्हणाली. “का त्यालाही राजवाड्याची परवानगी लागते?”

एझ्रानं दार उघडलं. ड्रुसिला सरळ आत आली आणि तिनं मेलेला मासा टेबलावर, प्लास्टरच्या माशाशेजारी ठेवला. खोलीभर रॉकेलचा वास पसरला.

एझ्रानं सांगायला सुरुवात केली. त्याची जीभ अडखळत होती. रॉकेल मीच ओतवलं, पण विहिरीत नाही, वर, मैलाखड्ड्यात, असं तो म्हणाला. बायांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. यानंच ओतलं, असं दारातून मागे मागे गेलं. मागून एक आवाज आला, मग यालाच सोडा विहिरीत, तेवढीच राखण होईल. कुणी हसलं नाही. दांडकं उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज झाला.

“लेटी गेली त्या सकाळी मी विहिरीत वाकून बघितलं होतं,” ड्रुसिला म्हणाली. “मासा मजेत फिरत होता. म्हणून आम्ही दूधवाल्याला धरलं. त्याचं दूध रस्त्यात ओतलं, त्याला आळीत पाय ठेवू दिला नाही. आणि तिला विहिरीचं पाजत राहिलो.”

“माशाला माणसाचा ताप येत नाही, ड्रुसिलाबाई,” एझ्रा म्हणाला. “तळ्यात घाण थेट पडते, तिथं त्यांचा श्वास कोंडतो. विहिरीत ती मातीतून झिरपून येते. पाणी काचेसारखं दिसतं. त्यात मासा जगतो.”

“मग दिलास कशाला?”

तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “दुसरा दे. माझी थोरली, नेल, कालपासून तापानं अंथरुणात आहे, सारखं पाणी मागते. विहीर उपसून घेतो आम्ही. पण मासा नसलेल्या विहिरीचं मी तिला पाजणार नाही.”

हेच मागायला त्या सगळ्या आल्या होत्या. दुसरा मासा.

एझ्रानं भिंतीवरचं जाळं उचलल्याचं टॅबिथानं पाहिलं. माशांचा हौद कोपऱ्यातच होता. त्याला काय वाटतंय ते तिला समजत होतं, कारण तिलाही तेच वाटत होतं. एक मासा द्यायचा. बाया शांत होऊन जातील. मग पत्र रीतीप्रमाणे लिहायचं, असे दिसून आले आहे. घर राहील.

ती उठली आणि हौदाच्या झाकणावर जाऊन बसली.

“मासा मिळायचा नाही,” ती म्हणाली.

“तुझ्या बापाचे आहेत का? राजवाड्याचे आहेत,” ड्रुसिला म्हणाली.

“हो. आणि मोरीही राजवाड्याचीच आहे.” आवाज आपला नाही असं तिला वाटलं. “गिडलीला विचार. धुण्याची गाठोडी तोच आणतो ना? डबा त्याच्याच हातानं ओतलाय, वर टेकडीवर. आणि वास आला तुझ्या विहिरीला. रॉकेल ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं बाकीचंही येतं, ड्रुसिला. रोज येतं. रॉकेलला वास होता म्हणून कळलं, एवढंच.”

ड्रुसिलाला समजायला वेळ लागला. आधी तिनं माशाकडे पाहिलं, मग सोड्यानं सालपटं निघालेल्या आपल्या हातांकडे.

“म्हणजे त्यांचं धुतोही आम्हीच,” ती हळू म्हणाली, “आणि पितोही आम्हीच.”

दारातलं दांडकं खाली आलं.

मग ड्रुसिलानं एवढंच विचारलं की नेलला काय पाजू. थ्रिपांच्या घरात राजवाड्याच्या खास झऱ्याची नळी होती. मासे उबवायला तेच पाणी लागायचं. माशांच्या अंड्यांसाठी चांगलं पाणी आणलं होतं आणि आळी त्याच नळीच्या खालच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर होती. इतकी वर्षं ते पाणी वापरताना हे टॅबिथाच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं बादली भरून दिली. मागच्या बायांच्याही भरून दिल्या.

“आज हे ने. उकळून दे.”

“आणि उद्या?” ड्रुसिलानं विचारलं.

गिडलीनं गाठोड्यांबरोबर ही नळीची गोष्टही वर नेली तर उद्या नळीला कुलूप पडेल, हे दोघींनाही कळत होतं. बाया बादल्या सांभाळत बांधावरून गेल्या. मासा टेबलावरच राहिला.

एझ्रा पत्राशी बसला. त्यानं टाक बुडवला आणि ‘तुम्ही’ या शब्दावर आणला. टॅबिथानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू द्या.”

“घर जाईल, टॅबी.”

“जाईल,” ती म्हणाली. दात वाजू नयेत म्हणून तिनं ते आवळून धरले होते. “सही करा.”

त्यानं सही केली. तिनं प्लास्टरचा मासा पुढे ओढला. चंदेरी रंग अजून ओला होता, तो तिनं टर्पेंटाइननं पुसून काढला. मग शेजारच्या मेलेल्या माशाकडे बघत बघत रंगवायला घेतलं. पाठीवरचा उतरलेला काळपटपणा, राखाडी कल्ले, किंचित उघडं तोंड, आणि शेवटी पांढरा पडलेला डोळा. जेवणघराच्या भिंतीसाठी मागवलेला मासा होता. ठरल्याप्रमाणे तो दुपारी गिडलीबरोबर वर जायचा होता, आणि तसाच जाणार होता.

ब्रश धुवायच्या आधी तिनं टाक उचलला. राजवाड्याला तिनं आजवर कधी लिहिलं नव्हतं. नवऱ्याच्या सहीखाली, रंगाचं बोट कागदाला लागू न देता, मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं:

‘नेल पर्किस तापात आहे आणि पाणी मागते आहे. उद्या तिला कुठलं पाणी द्यायचं? चिटणिसाचं उत्तर नको. तुम्ही द्या.’